मध्यावर थांबणारा काटा

गाडी दारात आली की आमचे घरमालक आधी तिच्या मालकाला नमस्कार करत नसत. सरळ पुढे जाऊन ते बॉनेटवर उजवा तळहात ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. पत्रा कोमट लागला तर हात काढून घेत आणि म्हणत, "गरम करून आणलीत. घेऊन जा. उद्या सकाळी मीच येतो, थंड असताना बघू." समोरचा माणूस मुंबईचा असो, बंगलेवाला असो, ते वळून आत निघून जात. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आजारी माणूससुद्धा पाहुणे आले की उशीला टेकून बसतो आणि बरा आहे म्हणतो, हे त्यांनीच मला एकदा समजावलं होतं. मी नर्स. मला ते लगेच पटलं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले. वलवणच्या बाजूला त्यांचं कौलारू घर होतं, पुढे मोठं अंगण. पूर्वी ते एका बस कंपनीच्या वर्कशॉपात फोरमन होते. निवृत्त व्हायला बराच अवकाश असताना त्यांनी नोकरी सोडली होती, पण गावानं हुद्दा काढून घेतला नव्हता. सगळे त्यांना फोरमन म्हणत. मी काका म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला काकू.

खोली दाखवायला त्यांनी मला नेलं ते मे महिन्यात. छत कोरडं ठणठणीत होतं. काकांनी हातातल्या काठीनं वर दाखवत सांगितलं, "इथून गळतं. इथून थोडं. या कोपऱ्यात भिंतीला ओल येते, तिथं कपड्यांची पेटी ठेवू नका. मोरीचं दार पावसाळ्यात फुगतं, ते लागत नाही. आणि मी पहाटे फार मोठ्यानं खोकतो."

मी म्हटलं, "काका, हे सगळं सांगितलंत तर कोण राहायला येईल?"

"जो येईल तो राहील," ते म्हणाले.

मी राहिले. पावसाळ्यात पाणी त्यांनी सांगितलेल्या जागीच गळलं, दुसरीकडे कुठंही नाही. त्याचा मला विचित्र आधार वाटला.

त्यांच्या घरातलं घड्याळ मागे पडायचं. कुणी ते नीट लावायला गेलं तर त्यांना आवडत नसे. "मागे पडतं हे मला ठाऊक आहे," म्हणायचे. "नीट केलंत तर परत किती मागे गेलं ते शोधत बसावं लागेल." माझ्या थर्मामीटरवरही त्यांचा विश्वास नव्हता. काकूंना ताप आला तेव्हा मी तो लावून बघितला, तर यांनी विचारलं, "सिस्टर, हा खरं सांगतो कशावरून?" मी दवाखान्यातून दुसरा आणला. दोन्ही सारखे आले, तेव्हा कुठं गृहस्थ डॉक्टरांकडे निघाले. काकू पांघरुणातून म्हणाल्या, "तोवर मी मेले असते तर मात्र यांनी लगेच विश्वास ठेवला असता."

त्या काळी नवी गाडी मिळायला माणसं वर्षानुवर्षं थांबत. त्यामुळे जुन्या गाड्यांना भाव होता आणि जुन्याला नवं दाखवणाऱ्या हातांनाही. विकत घेण्याआधी गाडी फोरमनला दाखवायची, हा खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत रिवाजच पडला होता. ते आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसत आणि खिशातला रुमाल काढून मैलांच्या आकड्यावर टाकत. तो आकडा त्यांना दिसायलाच नको असे. "आकडा माणूस मागे फिरवू शकतो," म्हणत. मग वाकून क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलांची रबरं बोटांनी चाचपत, दाराच्या बिजागऱ्या हलवून बघत, स्टीअरिंगवर हात कुठं घासले गेलेत ते बघत. स्क्रूच्या खाचेत नवी चकाकी दिसली की तो का उघडला होता ते विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरं काही बोलत नसत.

नंतर चावी फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा असतो. इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे, आणि चालू झाल्यावर विझला पाहिजे. तेल कमी झालं की तो पुन्हा लागतो. काही लोक तो बल्बच काढून टाकत, म्हणजे कधी लाल दिसायलाच नको. तुंगार्लीच्या एका बंगल्यात अशी गाडी निघाली. विकणारा म्हणाला, "बघा, दिवा विझलेलाच आहे. इंजिन ठणठणीत." काका म्हणाले, "जो लागलाच नाही, तो विझला कसा?"

गाडी जुनी आहे, रंग उडालाय, धूर सोडते, याचा त्यांना राग नव्हता. अशा गाडीबद्दल ते मायेनं बोलत. एकदा एका मोडक्या व्हॅनला त्यांनी चक्क थोपटलं आणि म्हणाले, "म्हातारी आहे, पण लपवत काही नाही." कुठल्याही गाडीला त्यांनी चांगली म्हटल्याचं मी ऐकलं नाही. "हिच्यात खोटं नाही," ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. ती मिळाली की घेणारा पेढे आणायचा.

शेवटची परीक्षा घाटाची. गाडी खंडाळ्याहून घाट उतरून खोपोलीला न्यायची आणि भरल्या वजनानं परत वर आणायची. वजनासाठी वाळूची पोती असत आणि आम्ही असू. रविवारी सकाळी काका दारावर टकटक करून विचारत, "सिस्टर, मोकळ्या आहात का? एक माणूस कमी पडतो." मी, काकू, कधी शेजारचं कुणी. काकू दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेत. माझं घाटातलं सगळं फिरणं अशा अनोळखी, संशयित गाड्यांतून झालं.

हे वेड कुठून आलं ते काकूंनी मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. काका वर्कशॉपात असताना एका बसचा उष्णतेचा काटा मधेच अडकायचा. काकांना ते ठाऊक होतं. सुटा भाग आला नव्हता, वरून गाडी सोडायचा हुकूम होता, आणि यांनी ती सोडली. घाटात बस बंद पडली. काटा मध्यावर होता म्हणून ड्रायव्हरनं रेडिएटरचं झाकण बेधडक उघडलं. आतलं उकळतं पाणी त्याच्या तोंडावर आलं.

"डोळे गेले त्याचे," काकू म्हणाल्या. "कामशेतला असतो. हे दर दिवाळीला फराळ घेऊन जातात. तो बिचारा म्हणतो, फोरमनसाहेब, तुमचा काय दोष. तर हे तिथं काहीच बोलत नाहीत. पहिल्या खेपेला तिथून घरी येऊन नोकरीचा राजीनामा लिहिला तेवढाच."

त्यांना एकच मुलगा, अरुण. मी राहायला गेले तेव्हा तो विशीच्या पुढे होता. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग सोमाटण्याच्या फाट्यावर त्यानं एकाच्या जोडीनं गॅरेज काढलं. हाताला विलक्षण सफाई. आमच्या दवाखान्यातला मुका झालेला रेडिओ त्यानं चहा निवेपर्यंत बोलता केला होता. हसरा मुलगा, आईला चिडवायचा, माझ्याशी गप्पा मारायचा. पण काका समोर आले की त्याची पाठ ताठ व्हायची. काका विचारत, काम किती आहे, कुणाच्या गाड्या येतात, जोडीदार कसा आहे, सुटे भाग कुठून आणतोस. प्रत्येक उत्तरावर आणखी एक प्रश्न. अरुण म्हणायचा, "सगळं ठीक आहे, बाबा." काका म्हणायचे, "ठीक म्हणजे काय?" मग तो संध्याकाळच्या गाडीनं निघून जायचा.

धोंडूभाऊ आले ते पवनेच्या धरणाचं काम चालू होतं त्या दिवसांत. पवनेकाठची त्यांची भातखाचरं धरणाखाली जायची होती. ते स्वतः त्याच धरणावर डंपर चालवत होते. काम संपल्यावर काय, म्हणून पवनानगर ते कामशेत माणसं ने-आण करायला जुनी जीप घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. सोमाटण्याच्या एका दलालानं ती दोन दिवस चालवून बघायला दिली होती. उंच, सावळे, बोलताना डोक्यावरची टोपी सारखी मागे सारायची सवय.

"आबा," ते काकांना म्हणाले, "मला चालवाया येती, पर पोटात काय हाय ते न्हाई कळत. माझी समदी माणसं हिच्यात बसनार. तुमी एकदा बगा."

काकांनी हात ठेवला. गाडी रात्रभर अंगणातच उभी होती, बॉनेट थंड होतं. मैलांवर रुमाल टाकला. तेलाचा दिवा लागला, विझला. उष्णतेचा काटा खाली पडून होता. इंजिन चालू झाल्यावर हळूहळू वर चढला. कुठंच काही नाही. धोंडूभाऊंचा चेहरा उजळला. काका म्हणाले, "घाट झाल्यावर बोलू."

रविवार होता. मागे वाळूची पोती, मी आणि काकू. पुढे धोंडूभाऊ चालवायला आणि शेजारी काका. उतार छान गेला. खोपोलीला चहा झाला. परत वर चढताना शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे मला वास आला. तापलेल्या पत्र्याचा, रंगाचा, गोडसर. मी काकूंकडे बघितलं. त्यांनीही नाकाला पदर लावला होता. काका पुढे वाकून काट्याकडे बघत होते. काटा बरोबर मध्यावर, शांत.

"थांबव," काका म्हणाले.

धोंडूभाऊंनी गाडी कडेला घेतली. चाकांमागे दगड लावले, बॉनेट उघडलं. "पानी कमी झालं असंल," म्हणत त्यांनी खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला आणि झाकणावर हात ठेवला.

"हात काढ!"

काकांना तसं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते नुसतं ओरडले नाहीत, धावत येऊन त्यांनी धोंडूभाऊंना खांद्यानं बाजूला ढकललं. दोघंही पडता पडता वाचले.

"अवो आबा, काटा तर मदीच हाय की," धोंडूभाऊ गोंधळून म्हणाले.

काकांनी पाण्याचा डबा घेतला. ओंजळभर पाणी त्यांनी लांबूनच रेडिएटरवर फेकलं. चर्रर्र आवाज करून त्याची वाफ झाली. त्या वाफेकडे बघताना धोंडूभाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी पंचा सोडवून आपल्या हाताकडे बघितलं आणि मग रस्त्याच्या कडेला बसले.

ट्रक गुरगुरत चढत होते. काकूंनी दशम्यांचं फडकं सोडलं, पण कुणी हात लावला नाही. इंजिन निवल्यावर काका आत वाकले. इंजिनात एक छोटा पितळी तुकडा बसवलेला असतो. इंजिन किती तापलं ते तो ओळखतो आणि एका तारेतून डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवतो. काका ती तार बोटांत धरून वीत वीत मागे सरकत गेले. डॅशबोर्डच्या खाली, अगदी आत, जिथं कुणी हात घालणार नाही, तिथं ते थांबले. तारेवर काळी चिकटपट्टी होती. ती त्यांनी हळूच उलगडली.

आत रेडिओत असतो तसला लहानसा तुकडा होता, अंगावर रंगीत पट्टे असलेला.

"हा मधे बसवला की निरोप अर्धाच पोचतो," काका धोंडूभाऊंना म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "काटा खालून वर येतो, अगदी खऱ्यासारखा. पण मध्यावर आला की तिथंच थांबतो. इंजिन वितळलं तरी तिथंच. याचं इंजिन तापतं हे विकणाऱ्याला माहीत होतं."

सांगता सांगता ते थांबले. तार त्यांनी उन्हाकडे धरली. जोडावर चिकटपट्टीच्या खाली मेणाचा दोरा बारीक, एकसारखा गुंडाळलेला होता, आणि त्याची गाठ आतल्या बाजूला दडवलेली होती. हादऱ्यानं जोड सुटू नये म्हणून. मला तारांच्या जोडांतलं काही कळत नव्हतं. पण दवाखान्यातल्या रेडिओची मागची फळी उघडली होती तेव्हा अरुणनं मला असाच एक दोरा दाखवला होता आणि म्हणाला होता, "हे बाबांनी शिकवलं. असं दुसरं कुणी करत नाही."

काकांनी तार काकूंसमोर धरली. काकूंनी एकदा बघितलं आणि दरीकडे तोंड फिरवलं.

"असेल कुणाचंही," त्या म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले.

धोंडूभाऊ उठले. "कुनाचं काम हाय, आबा? नाव कळलं तर सांगा. मी जाब इच्यारतो."

काकूंनी काकांच्या दंडाला हात लावला. मी बघितलं. नुसता लावला, धरला नाही. काका क्षणभर तारेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलाचं."

धोंडूभाऊंनी टोपी काढली, परत घातली. शेवटी म्हणाले, "आबा, एवडं न्हाई सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तुला चाललं असतं," काका म्हणाले.

थांबत थांबत, पाणी घालत आम्ही वर आलो. काकू घरात गेल्या, स्टोव्ह पेटवला, ताटं वाढली. काका जेवले. मला राहवलं नाही म्हणून मी नंतर काकूंच्या जवळ जाऊन बसले. त्या भांडी घासत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खरं बोलले. बोलायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण घरी येऊन पोटभर जेवले हो. भात मागून घेतला. ते मला विसरता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी काका जीप आणि धोंडूभाऊंना घेऊन सोमाटण्याला गेले. मी नव्हते. पुढे धोंडूभाऊंची बायको बाळंतपणाला आमच्या दवाखान्यात आली, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

"पोरगं दुसऱ्याच एका गाडीखाली निजून काम करत व्हतं. बाहीर आलं, बापाला बगितलं, जीप बगितली, आन् वळकलं समदं. मी तर म्हनलं, आता मारामारी व्हतीय. पर आबानी नुसती ती तार म्होरं धरली. म्हनले, हे तू केलंस? पोरगं म्हनलं, व्हय. दलालानं सांगितलं, मी केलं. समदेच करत्यात, बाबा. मी न्हाई केलं तर म्होरला करनार."

"मग?"

"मग आबा म्हनले, हा मानूस मेला असता. आन् तवा पोरगं चिडलं, सिस्टर. लय चिडलं. म्हनलं, तुमी आयुष्यभर मला तपासतच आलात. ल्हानपनी ताप आला म्हनलं तरी तुमी दोन थर्मामीटर लावायचा. तुमच्याम्होरं समदं ठीक हाय असं दाखवायला मी घरातच शिकलो." धोंडूभाऊ थांबले. "म्या बापाकडं बगितलं. त्यांचं तोंड असं झालतं, वाफ अंगावर आल्यागत. बाही वर केली आन् जीपखाली निजले."

जीप दलालाला परत द्यायची सोडून काकांनी ती दुरुस्त करायला घेतली. धोंडूभाऊंना ती हवीच होती आणि त्यांना परवडेल अशी दुसरी मिळण्यासारखी नव्हती. रेडिएटर गाळानं तुंबलेला होता, इंजिनाचं डोकं चिरलेलं होतं. काका रोज सकाळच्या एसटीनं सोमाटण्याला अरुणच्याच गॅरेजात जात. काकू दोन डबे बांधून देत. पहिले काही दिवस एक डबा भरलेला परत यायचा. काकू तो काही न बोलता उघडायच्या, पोळ्या गाईला घालायच्या आणि दुसऱ्या सकाळी परत दोन डबे भरायच्या. मग एक दिवस दोन्ही रिकामे आले. काकूंनी ते दोन्ही माझ्यासमोर उपडे करून दाखवले. हसल्या नाहीत, पण दाखवले.

तिथं बापलेकांचं बोलणं काय व्हायचं, असं मी काकांना विचारलं.

"पाना दे, दिवा धर," काका म्हणाले. "काम चालू असताना दुसरं काय बोलणार?"

जीप तयार झाली. काट्याची तार काकांनी आपल्या हातानं सरळ जोडली. पुन्हा घाट झाला. या वेळी काटा मध्याच्याही वर गेला, सपाटीला आल्यावर खाली उतरला, आणि काकांनी मान हलवली. धोंडूभाऊ ती पवनानगरच्या रस्त्यावर चालवू लागले आणि त्यांचं घर त्यावर उभं राहिलं.

अरुणचं मात्र उलटं झालं. घाटात घेतलेलं नाव घाटात राहिलं नाही. धोंडूभाऊंनी कुणाला सांगितलं नव्हतं, अशी त्यांनी आईची शपथ घेतली, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण फाट्यावर सगळ्यांदेखत बोलणं झालं होतं. लोक त्याच्या गॅरेजवरून पुढे जाऊ लागले. दलालानं काम देणं बंद केलं, कारण आता त्याच्या हातची गाडी कुणी घेईना. जोडीदार वेगळा झाला. पावसाळा संपता संपता अरुण नाशिककडे कुठल्याशा वर्कशॉपात नोकरीला गेला. जाताना तो घरी आला नाही. आईला फाट्यावर बोलावून भेटला.

काकांची कीर्ती मात्र वाढली. "स्वतःच्या पोराचंसुद्धा नाव घेतलं," असं लोक कौतुकानं सांगत. पुण्याहून माणसं येऊ लागली. अंगणात गाड्या उभ्या राहत. काका ओट्यावर येऊन हात जोडत. "मी आता बघत नाही," एवढंच. एकानं फार आग्रह केला, म्हणाला तुमच्यासारखा सच्चा माणूस नाही. काका उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी एकाही गाडीला हात लावला नाही. दिवस कसे घालवत कुणास ठाऊक. अंगणातलं तण उपटत, पेपर दोनदा वाचत. दिवाळीला कामशेतला जात, आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ तिथं बसत. घरात अरुणचं नाव निघत नसे. काकू अधूनमधून माझ्याकडून त्याला चार ओळी लिहून घेत. उत्तर यायचं, काका घरी नसताना त्या ते मला वाचायला लावत. "सगळं ठीक आहे," असंच त्यात असायचं.

अशी काही वर्षं गेली. पवनेचं पाणी अडलं, धोंडूभाऊंची जुनी खाचरं त्यात गेली. एका हिवाळ्यात काकांच्या छातीत दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी काकूंना सांगितलं, आणि काकूंनी अरुणला बोलवायला लावलं.

तो दुपारी आला. अंगानं भरला होता, कानशिलाजवळ केस पांढरे व्हायला लागले होते. आईच्या पाया पडला, पण घरात आला नाही. ओट्याच्या पायरीवर बुटांसकट बसला. काका आरामखुर्चीत होते, अंगावर शाल. मी त्यांना गोळी द्यायला आले होते, ती देऊन खोलीकडे निघाले. पण ते बोलू लागले आणि मी दारातच थांबले.

ते म्हणाले, "त्या दिवशी घाटात मी तुझं नाव घेतलं."

अरुण अंगणाकडे बघत होता. "हो."

"धोंडूला सांगायला हवं होतं. तो विचारत होता." दम लागला म्हणून ते थांबले. "पण आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. एकट्यानं. मग त्याला."

स्वयंपाकघरातला स्टोव्ह भणभणत होता. तो बंद झाला.

अरुणनं बुटावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "आला असतात तर मी नाकारलं असतं, बाबा. तोंडावर खोटं बोललो असतो."

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "तरी यायला हवं होतं."

अरुणनं मान खाली घातली. गुडघ्यांवर ठेवलेले त्याचे हात मला दिसत होते, नखांत काळं तेल, बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग. काकांनी काही विचारलं नाही. नाशिकला काय करतोस, किती काम असतं, कुणाकडे राहतोस, काही नाही. नुसते त्याच्या पाठीकडे बघत बसले होते.

आतून काकूंनी विचारलं, "अरुण, तांदूळ किती घेऊ? राहणार आहेस ना?"

मग अरुण वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.